प्रेपची चिठ्ठी तुम्हीच लिहा: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मराठी डॉक्टर-फार्मासिस्टांना खुले पत्र

स. न. वि. वि.

जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, टेक्सास आणि दोन्ही कॅरोलिना इथे फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन किंवा स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करणारे मराठी डॉक्टर, तसेच नर्स प्रॅक्टिशनर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी हे पत्र आहे. तुमच्यापैकी बरेच जण जे-१ व्हिसाच्या सवलतीतून, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायच्या अटीवर तिकडे गेले आणि तिथेच स्थिरावले. तुमच्या वेटिंग रूममध्ये रोज कृष्णवर्णीय स्त्रिया बसलेल्या असतात. कोणी रक्तदाबासाठी आलेली असते, कोणी गर्भाशयमुखाच्या पॅप टेस्टसाठी, कोणी डेपो हे गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यायला. एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, म्हणजे प्रेप, यांतल्या फार थोड्या जणींपर्यंत पोचतं. ते पोचवायला नवा दवाखाना नको की नवा विभाग नको. तुमची तपासणीची खोली पुरेशी आहे, म्हणून ही विनंती थेट तुम्हाला.

अमेरिकेतल्या स्त्रियांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया साधारण १३ टक्के. पण २०२२ साली ज्या स्त्रियांना एचआयव्ही असल्याचं नव्याने कळलं, त्यांच्यात त्या जवळजवळ निम्म्या होत्या. त्याच वर्षाचा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचा, अंदाज असा, की प्रेपचा उपयोग होईल अशा पुरुषांपैकी ४१ टक्क्यांना चिठ्ठी मिळाली आणि स्त्रियांपैकी फक्त १५ टक्क्यांना. वर्णाप्रमाणे बघितलं तर २०२१ मध्ये गरज असलेल्या गोऱ्यांपैकी ७८ टक्क्यांना प्रेप लिहून दिलं गेलं होतं, कृष्णवर्णीयांपैकी ११ टक्क्यांना. हे औषध जुलै २०१२ मध्ये मंजूर झालं. म्हणजे नऊ-दहा वर्षांनंतरची ही स्थिती आहे.

याचं कारण त्या स्त्रियांच्या वागण्यात शोधायचं नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. माणूस जोडीदार निवडतो तो आपल्या गावातून, आपल्या चर्चमधून, आपल्या ओळखीपाळखीतून. त्या वर्तुळातच विषाणूचं प्रमाण जास्त असेल, निदान उशिरा होत असेल, विम्याअभावी किंवा तुरुंगवासामुळे उपचार तुटत असतील, तर एकाच माणसाशी प्रामाणिक राहणाऱ्या बाईलाही धोका राहतो. जोडीदाराची तपासणी झाली आहे की नाही हे तिला बहुतेक वेळा माहीत नसतं. आणि आपल्या दवाखान्यांतला फॉर्म तिला विचारतो, "गेल्या वर्षात किती जोडीदार?" ती लिहिते, एक. फॉर्म म्हणतो, धोका कमी. प्रेपचा विषय तिथेच संपतो. सगळ्यांत जास्त स्त्रिया निसटतात त्या या ठिकाणी.

म्हणून आधी धोका मोजायचा आणि मग सांगायचं, हा क्रम सोडून द्या. सीडीसीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो सोडलेलाच आहे. लैंगिक संबंध असलेल्या प्रत्येक प्रौढ आणि किशोरवयीन व्यक्तीला प्रेपबद्दल सांगावं, आणि जी मागेल तिला, धोक्याचं कारण सांगितलं नाही तरी, द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एकॉग या संघटनेनेही जून २०२२ मध्ये आपल्या सदस्यांना हाच सल्ला दिला. तेव्हा "हे आमच्या शाखेचं काम नाही" असं म्हणायला आता जागा नाही. संसर्गरोगतज्ज्ञाकडे पाठवणं तर बहुतेक वेळा नकार दिल्यासारखंच होतं. दीड तास गाडी चालवून, कामाचा दिवस बुडवून, "एचआयव्ही क्लिनिक" अशी पाटी असलेल्या इमारतीत शिरायला निरोगी बाई जात नाही.

सांगायचं कसं? तीन वाक्यांत, आणि सगळ्यांना तेच: "मी माझ्या सगळ्या पेशंटना हे सांगते. गर्भ राहू नये म्हणून गोळ्या असतात, तशी एचआयव्ही होऊ नये म्हणूनही गोळी आणि इंजेक्शन मिळतं. तुम्हाला त्याबद्दल ऐकायला आवडेल का?" यातले "सगळ्या पेशंटना" हे शब्द गाळू नका. ते गाळले की समोरच्या बाईला वाटतं, माझा रंग बघून ही मला विचारते आहे. वार्षिक तपासणी, गर्भनिरोधकाची चिठ्ठी, गनोरिया किंवा सिफिलिसचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, इमर्जन्सी पिलची मागणी, बाळंतपणानंतरची भेट, यांतली कुठलीही वेळ चालते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर आवर्जून बोला, कारण त्या काळात लागण होण्याची शक्यता एरवीपेक्षा वाढते. रोजची गोळी गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालते.

इथे एक अवघड गोष्ट बोलणं भाग आहे. पेशंटशी लैंगिक संबंधांबद्दल बोलताना आपल्यातल्या अनेकांची जीभ अडखळते. आपण तशाच घरांत वाढलो. त्याहून वाईट म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्यांबद्दल आपल्या बैठकींत जे सर्रास बोललं जातं, ते आपल्याबरोबर तपासणीच्या खोलीत येतं. "ती रोज गोळी घेणार नाही", "तिला सांगून काय उपयोग" असे अंदाज पेशंटने तोंड उघडण्याआधीच बांधले जातात. अनेक पिढ्या जातीचा अनुभव पाहिलेल्या समाजातून आलेल्या माणसाला हे काय आहे ते ओळखता यायला हवं.

समोरून नकार आला, तर त्यालाही इतिहास आहे. अलाबामाच्या मेकन काउंटीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस असलेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन हाताशी आलं तरीही. मिसिसिपीत, पुढे नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या झालेल्या फॅनी लू हेमर यांचं गर्भाशय १९६१ मध्ये त्यांच्या संमतीशिवाय काढलं गेलं. तुमच्या पेशंटच्या आजीच्या हयातीतल्या या गोष्टी आहेत. तेव्हा "आज नको" म्हणणाऱ्या बाईशी वाद घालू नका. नोंदीत "प्रेपबद्दल बोललो, पुढच्या भेटीत पुन्हा विचारणे" एवढं लिहा आणि खरोखर पुन्हा विचारा. अटलांटात १९८९ पासून काम करणारी सिस्टरलव्ह ही कृष्णवर्णीय स्त्रियांचीच संस्था आहे. तुमच्या शहरातही अशी एखादी असेल. त्यांची माहितीपत्रकं वेटिंग रूममध्ये ठेवा. प्रेपच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं समलिंगी पुरुषच दिसत आले, त्यामुळे "हे औषध माझ्यासाठी नाही" असं अनेकींना मनापासून वाटतं.

आता औषधं. रोजच्या गोळीत एमट्रिसिटाबाइन २०० मिलिग्रॅम आणि टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम असतं. मूळ ब्रँड ट्रुव्हाडा. २०२० पासून अमेरिकेत जेनेरिक मिळतं. स्त्रियांसाठी गोळी निवडताना हीच लिहा. डेस्कोव्ही ही दुसरी गोळी ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाली, पण योनिमार्गे संबंधांतून होणाऱ्या लागणीसाठी तिला मंजुरी नाही, कारण जिच्या आधारावर ती मंजूर झाली त्या चाचणीत स्त्री म्हणून जन्मलेल्या स्त्रिया घेतल्याच नव्हत्या. तरीही "नवी आहे, किडनीला सौम्य आहे" म्हणून सवयीने डेस्कोव्ही लिहिली जाते. फार्मासिस्टांना विनंती, की स्त्रीच्या नावावर अशी चिठ्ठी आली तर डॉक्टरांना एक फोन करा.

सुरुवात त्याच दिवशी करता येते, आणि करावी. शिरेतून रक्त घेऊन एचआयव्हीची चौथ्या पिढीची अँटिजन-अँटिबॉडी चाचणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, हेपटायटिस बीचं सरफेस अँटिजन, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया आणि प्रेग्नन्सी टेस्ट, एवढं एका वेळी पाठवा. तोंडातल्या स्वॅबवरची जलद चाचणी यासाठी वापरू नका, ती ताजी लागण चुकवते. गेल्या महिन्याभरात ताप, पुरळ, घसा दुखणं, गाठी असं काही झालं का, हे विचारा. झालं असेल तर थेट विषाणू शोधणारी आरएनए चाचणी लावा आणि निकालापर्यंत थांबा. धोक्याचा संबंध ७२ तासांच्या आत झाला असेल तर आधी २८ दिवसांचं पेप, म्हणजे संबंधानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध, द्या आणि मध्ये खंड न पाडता प्रेपवर आणा. यांतलं काही नसेल आणि किडनीचा आजार माहीत नसेल, तर रिपोर्टची वाट न बघता ३० गोळ्यांची चिठ्ठी त्याच भेटीत द्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते याचा आकडा) ६० च्या खाली आला तर फोन करून थांबवता येतं. पण "रिपोर्ट आले की या" म्हणून परत पाठवलेली बाई पुष्कळदा परत येत नाही. हेपटायटिस बी पॉझिटिव्ह आला तर गोळी बंद करायची नाही, उलट ती अचानक बंद होऊ द्यायची नाही, कारण टेनोफोव्हिर थांबलं की यकृताचा दाह उसळू शकतो.

पेशंटला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. योनिमार्गे संबंधांत पूर्ण संरक्षणासाठी सीडीसी रोज एक गोळी अशी साधारण २१ दिवस धरते, तोवर कंडोम हवा. संबंधाच्या आधी-नंतर मोजून घ्यायची दोन-एक-एक पद्धत पुरुषांसाठी आहे, स्त्रियांनी ती वापरू नये. आणि पहिले दोन-तीन आठवडे मळमळ, गॅस, डोकेदुखी होऊ शकते. जेवणानंतर घेतलं तर त्रास कमी होतो आणि बहुधा तो आपोआप जातो. हे आधी सांगितलेलं नसलं, की गोळी पहिल्या आठवड्यातच सुटते. घरात बाटली दिसायला नको असेल तर आठवड्याच्या डबीत इतर गोळ्यांबरोबर ठेवायला सुचवा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा डेपोशी या औषधाचं भांडण नाही, हेही सांगा. पहिला प्रश्न बहुतेक तोच येतो.

पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी आणि ९० गोळ्यांची चिठ्ठी. नेमकं इथे गाडं अडतं. गोळ्या संपतात तेव्हा अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनंतरची मिळते, फार्मसीचा रिफिलचा निरोप फॅक्सच्या गठ्ठ्यात पडून राहतो, आणि तेवढ्यात संरक्षण जातं. यासाठी लॅबची स्टँडिंग ऑर्डर वर्षभराची करून ठेवा, म्हणजे ती नुसतं रक्त देऊन जाईल. निकाल निगेटिव्ह आला की नर्सने फोन करून ९० दिवसांचं रिफिल पाठवावं. डेपो घेणाऱ्या स्त्रीचं तर दर १२-१३ आठवड्यांनी येणं ठरलेलंच असतं. तिच्या चाचण्या त्याच दिवसाला बांधून टाका. क्रिएटिनिन मात्र दर वेळी नको. पन्नाशीच्या आतल्या, क्लिअरन्स ९० किंवा वर असलेल्या स्त्रीला वर्षातून एकदा पुरतं. बाकीच्यांना सहा महिन्यांनी.

रोजची गोळी ज्यांना जमत नाही किंवा घरात ठेवता येत नाही, त्यांना इंजेक्शनं सांगा, आणि ती "गोळी फसली तर" म्हणून शेवटी नको, पहिल्याच भेटीत समोर ठेवा. कॅबोटेग्रॅव्हिर डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. आफ्रिकेतल्या ३,२०० हून जास्त स्त्रियांच्या चाचणीत रोजच्या गोळीच्या तुलनेत त्याने लागण ८८ टक्क्यांनी कमी केली. लेनाकापॅव्हिर जून २०२५ मध्ये मंजूर झालं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत रोजची गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. गोळीत खोट नव्हती. रोज घेणं जमलं नव्हतं.

कॅबोटेग्रॅव्हिरचा डोस ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलि, नितंबाच्या स्नायूत. पहिली दोन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी, सात दिवस अलीकडे-पलीकडे चालतात. दीड इंचाची सुई नेहमीची. बीएमआय ३० च्या वर असेल तर दोन इंची घ्या, नाहीतर औषध चरबीतच राहतं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. दोन इंची सुया आधी मागवून ठेवाव्या लागतात. ज्या दिवशी पेशंट आली त्या दिवशी कपाटात नाहीत म्हणून आखूड सुईने काम भागवू नका. नितंबात फिलर किंवा इम्प्लांट आहे का हेही विचारा. शेवटच्या इंजेक्शनला तीन महिन्यांहून जास्त झाले तर पुन्हा चाचणी करून दोन इंजेक्शनांपासून सुरुवात. औषध थांबवल्यावर ते अगदी कमी प्रमाणात वर्षभर किंवा जास्तही अंगात रेंगाळतं, आणि त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. त्यामुळे बंद करायचं असेल आणि धोका संपला नसेल, तर गोळीवर आणा.

लेनाकापॅव्हिर पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली देतात, दीड-दीड मिलिची दोन इंजेक्शनं, एकूण ९२७ मिलिग्रॅम, दर २६ आठवड्यांनी, दोन आठवडे इकडे-तिकडे. त्याबरोबर पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन. या दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या घरी घ्यायच्या असतात आणि विसरल्या जातात. नर्सने दुसऱ्या दिवशी फोन करावा. टोचल्याच्या जागी त्वचेखाली गाठ येते आणि कित्येक महिने हाताला लागते. हे आधी सांगा, नाहीतर ती कॅन्सरची भीती घेऊन इमर्जन्सीत जाईल. क्षयासाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्ससाठी कार्बामॅझेपिन चालू असेल तर या इंजेक्शनाची मात्रा कमी पडते, म्हणून औषधांची यादी नीट बघा.

पैशांचं बघू. प्रतिबंधक सेवांची शिफारस करणाऱ्या यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञ गटाची 'ए' श्रेणी प्रेपला २०१९ पासून आहे. २०२३ मध्ये कॅबोटेग्रॅव्हिरचं इंजेक्शनही तीत आलं. त्यामुळे बहुतेक खासगी विम्यांना औषधच नव्हे, तर त्यासाठीच्या भेटी आणि चाचण्याही पेशंटच्या खिशाला हात न लावता द्याव्या लागतात; जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ते लेखी स्पष्ट केलं. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या व्यवस्थेला आव्हान देणाऱ्या ब्रेडवुड खटल्यात, ती कायम ठेवली. तरीही बिलं येतात, कारण कोड चुकतो. ऑक्टोबर २०२३ पासून प्रेपसाठी झेड२९.८१ हा स्वतंत्र निदान-कोड आहे. तो पहिल्या क्रमांकावर टाका, भेटीच्या क्लेमवर आणि लॅबच्या मागणीपत्रावरही, आणि क्लेमला ३३ चा मॉडिफायर (ही प्रतिबंधक सेवा आहे अशी खूण) जोडा. लॅबचा कागद नेहमी विसरला जातो. मग लॅब तो क्लेम साध्या तपासणीचा म्हणून पाठवते आणि बाईच्या घरी काहीशे डॉलरचं बिल जातं. ती ते बिल भरते किंवा भरत नाही, पण औषध मात्र सोडते. "जोखमीचं लैंगिक वर्तन" या अर्थाचा झेड७२.५१ हा जुना कोड तर टाकूच नका. तो अपमानकारक आहे आणि आयुष्यभर रेकॉर्डमध्ये राहतो.

विमा नवऱ्याच्या किंवा आईच्या नावावर असेल तर विमा कंपनीचं खर्चाचं विवरण त्यांच्या पत्त्यावर जातं. त्यामुळे आपल्याला धोका होऊ शकतो असं पेशंटने कळवलं, तर आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या हिपा कायद्यानुसार विमा कंपनीला पत्रव्यवहार दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा लागतो. त्याचा फॉर्म कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तो छापून काउंटरवर ठेवा आणि चिठ्ठी पाठवायच्या आधी भरून घ्या.

विमा नसलेल्या स्त्रियांचं दुखणं मोठं आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी, फ्लोरिडा, टेक्सास या राज्यांनी मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी विम्याचा, पूर्ण विस्तार केलेला नाही, आणि नेमकी हीच राज्यं एचआयव्हीच्या नकाशावर ठळक आहेत. अशा पेशंटला जेनेरिक गोळी कूपनवर महिन्याला बरेचदा ५० डॉलरच्या आत मिळते. चाचण्यांसाठी काउंटीचा आरोग्य विभाग किंवा उत्पन्नाप्रमाणे फी घेणारं कम्युनिटी हेल्थ सेंटर बघा. इंजेक्शनं मात्र कंपनीच्या मदत योजनेशिवाय अशक्य आहेत. लेनाकापॅव्हिरची छापील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. याच औषधाची जेनेरिक बनवायचा परवाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एम्क्युअरही आहे, पण तो १२० देशांपुरता. अमेरिका त्यांत नाही. मदत योजनेचे अर्ज भरायला दवाखान्यातली एक व्यक्ती ठरवून द्या, नाहीतर ते कोणाचंच काम राहत नाही.

फार्मसीवाल्यांनो, तुमच्या काउंटरवर होतं ते डॉक्टरांना दिसत नाही. "एचआयव्हीचं औषध उद्या येईल" हे वाक्य रांगेतल्या शेजारणीने ऐकलं, की ती बाई पुन्हा येत नाही. छोट्या गावात तर नक्कीच नाही. जेनेरिकच्या ३० गोळ्यांच्या निदान दोन बाटल्या कायम शेल्फवर ठेवा. समुपदेशन बाजूला घेऊन करा आणि औषधाचं नाव मोठ्याने उच्चारू नका. विम्याने पूर्वपरवानगी मागितली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण तो निरोप पेशंटच्या तोंडून चार दिवसांनी पोचतो, तोही पोचलाच तर.

दवाखान्यात बदल करताना एकदम सगळं नको. पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमध्ये वर सांगितलेल्या चाचण्या, झेड२९.८१ आणि जेनेरिकची चिठ्ठी यांचा एकच ऑर्डर सेट बनवून घ्या. त्यापुढच्या आठवड्यात रिसेप्शन आणि नर्सना बसवून ते तीन वाक्यांचं बोलणं म्हणून घ्या, त्यांच्याच शब्दांत. वार्षिक तपासणीच्या फॉर्मवरचा "किती जोडीदार" हा प्रश्न काढा आणि त्या जागी "प्रेपबद्दल माहिती हवी आहे का?" असं छापा. एखादी केस अडली तर सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ या विद्यापीठाची प्रेपलाइन आहे. तिथले तज्ज्ञ फोनवर डॉक्टरांशी बोलतात, पेशंटचं नाव सांगावं लागत नाही.

इंजेक्शनं सुरू करणाऱ्यांनी पहिल्या डोसच्या दिवशीच पुढच्या दोन तारखा लिहून द्याव्यात, आणि निरोप कुठल्या नंबरवर, किती वाजता आणि कोणत्या शब्दांत पाठवलेला चालेल हे तिलाच विचारावं. "तुमची अपॉइंटमेंट आहे" एवढाच मजकूर पुरतो. फोन दुसऱ्या कोणी उचलला तर औषधाचं नाव घ्यायचं नाही, ही सूचना तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर हवी.

आपले,
एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात असलेले काही मराठी डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट